अर्थ लागत नाही

पहाटे पाचला ट्रकची चावी फिरवली आणि खालून फक्त 'कट्' असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा कट्. बॅटऱ्या नव्याकोऱ्या होत्या, बसवून पुरते तीन दिवसही झाले नव्हते. चावी पुढे ढकलली की डॅशबोर्डवरचे दिवे पेंगल्यासारखे मिटत आणि सोडली की टक्क जागे होत. हेडलाइट मात्र समोरच्या भिंतीवर लख्ख पडले होते, जणू गाडीला काही झालेलंच नाही. काचेवर दव, हाताला गार स्टिअरिंग आणि मी नुसतीच बसलेली. आधी राग आला तो बॅटऱ्यांवर, मग त्या विकणाऱ्यावर, मग थंडीवर. सगळे आरोपी संपल्यावर मला तीन दिवसांपूर्वी फोनवर स्वतः बोललेलं एक वाक्य आठवलं.

गाडी तेव्हा वाटेत बंद पडली होती आणि मी बाबांना सांगत होते, की बॅटऱ्या गेल्या, नव्या टाकतेय. त्यांनी एवढंच विचारलं, "अर्थ बघितलास का?" मी उन्हात उभी, घाईत, वैतागलेली. म्हटलं, "बाबा, पाच वर्षांच्या बॅटऱ्या आहेत. त्यात अर्थ काय बघायचाय? तुमच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या." पलीकडे जरा वेळ काहीच आलं नाही. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी तीच आहे, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्यांनीच चालवलेली, त्यांनीच दोनदा इंजिन उतरवून बांधलेली, आता मी चालवते ती. तिच्यात कॉम्प्युटर नाही, पंप मेकॅनिकल आहे, अ‍ॅक्सिलरेटरला अजून तारेची केबल आहे. 'तुमच्या वेळची' म्हणायला दुसरी गाडीच नव्हती. पण वाक्य तोंडातून गेलं ते गेलं. नव्या बॅटऱ्यांवर गाडी लगेच सुरू झाली तेव्हा तर मला बारीकसं समाधानही वाटलं होतं, की बघा, मी म्हणत होते तेच होतं.

'अर्थ' हा शब्द लहानपणी मला फार गोंधळात टाकायचा. शाळेत अर्थ म्हणजे कवितेचा, शब्दाचा. आणि इकडे दोन मोठी माणसं चाकाशेजारी उकिडवी बसून, ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी कपाळ पुसत, गंभीरपणे म्हणायची, "अर्थ लागत नाहीये." मला वाटायचं, ही काहीतरी अवघड वाचतायत. इंग्रजी 'अर्थ' गॅरेजमध्ये येऊन असा मराठी होऊन बसलाय हे कळायला बरीच वर्षं गेली. तरीही आजसुद्धा कुणी "हिला नीट अर्थ मिळत नाही" असं म्हटलं, की मनात आधी मराठीचा तास येतो आणि मग वायर.

गाडीतला अर्थ समजायला तसा सोपा. घरात दिव्याला दोन तारा जातात, एक येणारी, एक परतणारी. गाडीत दिव्याला, हॉर्नला, सेल्फला (म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला) येणारी तार असते, परतीला मात्र गाडीचा अख्खा लोखंडी सांगाडा, म्हणजे चॅसी, वापरतात. बॅटरीच्या वजाकडून एक जाड केबल चॅसीला बोल्टने आवळलेली असते, की झालं. फक्त इंजिन चॅसीवर थेट टेकत नाही. ते रबरी माउंटिंगवर बसतं, नाहीतर त्याच्या थरथरीने केबिनमधल्या माणसाचे दात वाजतील. आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसीपर्यंत तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी असते, इंजिन हललं तरी तुटू नये म्हणून वेणीसारखी सैल. सेल्फने ओढलेला सगळा करंट त्या पट्टीतून परत जातो. ती असते खाली, आतल्या बाजूला, ऑइल आणि चिखलाच्या थराखाली. नवीन बॅटरी टाकताना तिथे कुणी वाकत नाही. मीही वाकले नव्हते.

हेडलाइट लख्ख आणि सेल्फ मेलेला, हे कोडं मला पूर्वी पडायचं. बाबांनी एकदा फळीवर खडूने मांडून दाखवलं होतं. समज, वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा आहे. सत्तर वॅटचा दिवा चोवीस व्होल्टवर तीन अँपिअर घेणार, त्या अडथळ्यात गेले ०.०३ व्होल्ट. दिव्याला पत्ताही लागत नाही. सेल्फ मागतो तीनशे-चारशे अँपिअर. चारशेला तोच अडथळा ४ व्होल्ट खातो, आणि अशा ठिकाणी उष्णता होते, उष्णतेने सांधा आणखी बिघडतो. त्यात डिझेल इंजिनला ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबली जाऊन पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं, म्हणून इंजिन जोरात फिरलं पाहिजे. हळू फिरलं तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते, तापलेली हवा सिलेंडरच्या गार भिंतींना उष्णता देऊन बसते आणि सायलेन्सरमधून नुसता पांढरा धूर येतो. थंडीत ऑइल घट्ट, बॅटरी आळसावलेली, त्यामुळे उन्हात चालून गेलेलं पहाटे चालत नाही. नव्या बॅटऱ्यांनी पहिले दोन दिवस आपल्या ताज्या जोरावर तो अडथळा रेटून नेला, शिवाय बसवताना केबल हलल्या आणि सांधा तात्पुरता धरला गेला असणार. तिसऱ्या पहाटे गारठा पडला आणि माझं समाधान उतरलं.

त्या बॅटऱ्या बसवल्या तो प्रकारही सांगण्यासारखा आहे. ट्रकची एकेक बॅटरी चाळीस किलोच्या आसपास. कडीला धरून उचलली की बोटांत वळ उठतात आणि पोटाशी धरावी तर कपड्यांची खात्री नाही. अ‍ॅसिडचा डाग लगेच दिसत नाही, दोन धुण्यांनंतर तिथे भोक पडलेलं सापडतं. पेटीचं झाकण उघडलं तेव्हा टर्मिनलांवर ते नेहमीचं फुलून आलेलं होतं, पांढरं आणि त्यात हिरवट निळं. बाबा त्याला मोरचूद म्हणतात आणि ते बरोबरच आहे, अ‍ॅसिडची वाफ तांब्याला लागून मोरचूदच तयार होतं. खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं की ते फसफसतं, आणि तो आवाज मला लहानपणापासून आवडतो. वजाच्या खांबावर आवळतात त्या टर्मिनलमध्ये कुणीतरी पत्र्याची एक पट्टी घालून ठेवली होती. बॅटरीचे दोन खांब मुद्दाम सारखे करत नाहीत, उलटसुलट जोडणी होऊ नये म्हणून. अधिकचा वरच्या टोकाला १७.५ मिलिमीटर, वजाचा १५.९. कधीतरी अधिकचं टर्मिनल वजावर बसवलं गेलं असणार, मग ते सैल पडलं, मग पत्रा. शिसं मऊ असतं म्हणून पत्रा रुतून बसतो आणि सैलपणा हाताला लागत नाही. मी पत्रा काढला, नवीन टर्मिनल लावलं आणि कर्तव्य संपलं असं मानलं. हे सगळं मोबाइल दातात धरून, त्याच्या उजेडात, कारण एव्हाना अंधार पडला होता.

मोबाइल दातात धरला आणि लाळेबरोबर आठवण आली ती "बॅटरी धर" या आज्ञेची.

आमच्याकडे टॉर्चला टॉर्च कधीच म्हणत नसत, बॅटरीच. त्यामुळे लहानपणी माझं काम होतं बॅटरीवर बॅटरी धरायचं. बाबा गाडीखाली, मी बाहेर वाकलेली, हातात दोन सेलची ती जड पितळी नळी. "उजेड कुठे पाडतेयस? मी इथे आहे ना." माझं लक्ष बाजूने चाललेल्या गोमेवर. "अगं, इथे!" प्रत्येक वेळी मला ओरडा बसायचा आणि प्रत्येक वेळी पुढच्या कामाला मलाच बोलावलं जायचं. त्यांचा हात कुठे जाणार हे त्यांच्या आधी मला कळायला लागलं, तोवर मी बारा-तेरा वर्षांची झाले होते आणि मला गाडीखाली वाकायची लाज वाटायला लागली होती.

त्या काळातलाच एक पाना अजून पेटीत आहे. तेरा नंबरचा, आणि त्याच्या दांड्यावर उंदराने कुरतडल्यासारखा एक चावा. बाबांनी एकदा घाईत अधिकचा नट आधी सोडायला घेतला. वजाची केबल अजून चॅसीला जोडलेली. पान्याचं मागचं टोक पेटीच्या कडेला टेकलं आणि निळा उजेड पडला, एवढा, की माझ्या हातातल्या बॅटरीची गरजच संपली. पाना क्षणभर चिकटलाही होता. त्यांच्या मनगटावर घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याचा एक जुना डाग आहे, तो याच्याही आधीचा. मला त्यांनी कधी नियम म्हणून शिकवलं नाही. पण वजा आधी सोडायचं आणि शेवटी जोडायचं, हातातलं कडं काढून खिशात ठेवायचं, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर ठिणगी पडू द्यायची नाही कारण तिच्यातून हायड्रोजन सुटतो, हे सगळं मला त्या पान्याने शिकवलं. वजा काढल्यावर पाना गाडीच्या लोखंडाला कुठेही टेकू दे, परतीची वाट तुटलेली असते, काही होत नाही. शाळेच्या पुस्तकात वजाला ऋण म्हणत. ऋण आधी सोडा, शेवटी जोडा. यावर काहीतरी खोल लिहिता येईल असं मला दर वेळी वाटतं आणि दर वेळी पाना हातात असतो.

तर त्या पहाटे बाबा स्वतःच बाहेर आले. कट् कट् आवाज त्यांना आत ऐकू गेला होता. अंगावर शाल, हातात बॅटरी, आताची, हलकी, एलईडीची. काहीच बोलले नाहीत. 'मी म्हटलं होतं' हे वाक्य ते कधीच उच्चारत नाहीत. उच्चारलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. "मीटर आण," म्हणाले.

मीटरचं एक टोक त्यांनी वजाच्या खांबावर टेकवलं, टर्मिनलवर नव्हे, खांबाच्या शिशावर. दुसरं इंजिनच्या एका उघड्या बोल्टवर. "मार सेल्फ." मी चावी दाबली. खिडकीतून वाकून पाहिलं तर मीटरवर नऊ. खरं तर इंजिन आणि बॅटरीचा वजा ही एकच जागा असल्यासारखी असायला हवी, सेल्फ मारताना फार तर अर्धा व्होल्ट फरक. इथे चोवीसपैकी नऊ व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. मग त्यांनी वाटेचे तुकडे केले. खांबापासून चॅसीपर्यंत दोन. चॅसीपासून इंजिनपर्यंत सात. हात थरथरतो त्यांचा आता, टोक दोनदा बोल्टवरून घसरलं, पण कुठे टेकवायचं यात मात्र जराही शंका नव्हती. आम्ही फार वेळ सेल्फ मारला नाही. अडकलेल्या सेल्फला करंट दिला की तो आतून भाजतो.

मग मी खाली गेले. पाठीखाली गोणपाट, तोंडावर वर्षानुवर्षांचा ग्रीसमिश्रित चिखल. आणि बाबा बाहेरून बॅटरी धरून.

"बाबा, उजेड इकडे. इकडे हो!" हे वाक्य माझ्याच तोंडून, त्याच सुरात आलं. उजेड थरथरत माझ्या हनुवटीवर, मग टायरवर, मग एकदाचा पट्टीवर आला. तिच्या निम्म्याहून जास्त तारा तुटून केसांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. चॅसीकडचा बोल्ट काढला तर लगखाली, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या भोकाच्या चकतीखाली, रंग. गाडीला शेवटचा रंग मारला तेव्हा फवारणाऱ्याने पट्टी सोडवली होती आणि नंतर रंगावरच आवळून टाकली होती. एवढी वर्षं अर्थ मिळत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. आट्या गंजल्या तसा तोही आटला. बाबांनी एकदा दुसऱ्याच्या गाडीत ही पट्टी गिअरबॉक्सच्या कामानंतर लावायचीच राहून गेलेली पाहिली होती. सेल्फचा करंट मग अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतायला गेला आणि तिच्यावरचं प्लास्टिक वितळून ती आत चिकटली. वीज परतायचं सोडत नाही, मिळेल त्या वाटेने जाते. मी आमची अ‍ॅक्सिलरेटर केबल दोनदा ओढून पाहिली. सटासट सरकत होती.

वजाची केबल वरून ठीक दिसत होती. काळं आवरण शाबूत, कुठे चीर नाही. पण टर्मिनलजवळ वाकवली तर आतून करकर वाजली, कोरडी फांदी वाकवल्यासारखी. बाबांनी ब्लेडने आवरण लांबीला कापलं. आत तांबं नव्हतंच म्हणा ना. टोकाकडे हिरवी पूड, पुढे काळ्या पडलेल्या तारा, आणि जवळजवळ वीतभर आत गेल्यावर कुठे लालसर चमक. अ‍ॅसिड दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं तारांमधून चढत जातं. मी ती पूड बोटांत घेऊन चोळली. नवीन टर्मिनल मी याच केबलला लावलं होतं, तीन दिवसांपूर्वी, टोक सँडपेपरने घासून.

नवीन केबल करून आणेपर्यंत दुपार झाली. सत्तर चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची. हिशेब केला तर असल्या तांब्याच्या एका मीटरवर चारशे अँपिअरला व्होल्टचा दहावा भाग जातो, म्हणजे नसल्यासारखाच. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून बसवलेले, वर आवळणारी नळी. बाबांना प्रेस फारसा पटला नाही. त्यांच्या काळी लगमध्ये कथील ओतत. मी म्हटलं, कथील ओतलं की तारा त्या जागी ताठ होतात आणि थरथरीने नेमक्या तिथेच तुटतात. ते म्हणाले, "माझी एक नाही तुटली." यावर मी गप्प बसले. त्या दिवशी गप्प बसायला मला जरा जास्तच जमत होतं.

चॅसीवरचा रंग खरवडायला मात्र त्यांनी मला दिलं नाही. स्वतः गुडघे टेकून, पॉलिश पेपरने गोल गोल, लगच्या आकारापेक्षा थोडं मोठं. लोखंड पांढरं चमकेपर्यंत. मग दातेरी वॉशर, लग, बोल्ट, आणि सगळं आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. त्यांनी बोटाने थापलं, भिंतीची भेग बुजवावी तसं. इंजिनकडच्या टोकालाही तेच. मी खालून, ते बाहेरून, आणि भर दुपारीसुद्धा गाडीखाली काळोख, म्हणून त्यांच्या हातात बॅटरी सुरूच.

जुन्या बॅटऱ्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या, त्यांचाही निकाल लावला. तीन दिवस नुसत्या पडून होत्या, त्यामुळे मीटर खरं बोलणार. पहिली १२.६. म्हणजे ठणठणीत. मी तिला मेलेली म्हणून उतरवली होती. दुसरी ११.८, आणि अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर एका खान्यात बुडवला तर आतला तरंगणारा काटा उठेचना. मला हळूच सुटल्यासारखं वाटलं, निदान एक तरी खरंच गेली होती. बाबांनी विचारलं, "टेप कुठून जोडलाय?" टेप म्हणजे केबिनमधला म्युझिक प्लेअर, तो बारा व्होल्टचा. मी तो थेट एका बॅटरीवरून जोडला होता, मोबाइलचा चार्जरही तिथूनच. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की इंजिनवर फिरून वीज करणारा अल्टरनेटर दोघींना मिळून अठ्ठावीस व्होल्ट देतो, कुणी किती खाल्लं ते त्याला दिसत नाही. जी रोज टेपला पोसते ती कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होत जातं. शेजारची वाजवीपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उकळत बसते. म्हणजे दुसरी बॅटरी गेली होती खरी, पण ती माझ्या गाण्यांनी गेली होती. आणि नव्या बॅटऱ्यांवरही मी टेपची तार तशीच्या तशी परत जोडली होती. बाबांनी ती नुसती दोन बोटांत धरून मला दाखवली. मी ती काढली. आता चोवीसवरून बारा करणारा कन्व्हर्टर लावेपर्यंत गाणी बंद.

पहिली, ठणठणीत, ठेवून दिली आहे. नव्या जोडीत ती घालता येत नाही, जुनी-नवी जोडली की जुनी नवीला मागे ओढते. कधीतरी घरच्या इन्व्हर्टरला उपयोगी पडेल असं बाबा म्हणाले. ते प्रत्येक वस्तूबद्दल असंच म्हणतात, पण या वेळी त्यांच्या म्हणण्यावर मी काही बोलले नाही.

शेवटी वजा जोडला. बारीकशी ठिणगी, नेहमीचीच. बाबा इंजिनजवळ मीटर धरून बसले. मी चावी दाबली आणि सेल्फने इंजिन असं काही भिरकावलं, की मला चावी सोडायलाच उशीर झाला. सेल्फचा तो आवाज मी कित्येक महिने ऐकला नव्हता आणि ऐकला नव्हता हेही मला कळलं नव्हतं. रोज थोडं थोडं हळू होत गेलेलं कानाला कळत नाही. बाबांनी हाताने खूण केली, बंद कर. पुन्हा मार. बंद कर. पुन्हा. मीटरवर ०.३. तिसऱ्या वेळी त्यांनी मीटरकडे पाहिलंच नाही, डोळे मिटून नुसता आवाज ऐकला.

मला फोनवरच्या त्या वाक्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. केबिनमधून उतरले, हात पुसले, त्यांच्या समोर उभी राहिले. ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांनी पान्यांवरून फडकं फिरवून पेटीत ठेवायला घेतले होते, चावा पडलेला तेरा नंबरचा सगळ्यात शेवटी. डाव्या हातातली बॅटरी अजून जळत होती आणि तिचा फिकट उजेड भर उन्हात त्यांच्याच चपलेवर पडला होता.

"बाबा," मी म्हटलं, "बॅटरी बंद करा आता."

"कुठली?" त्यांनी विचारलं.